इंजिन व्ही-८चे, ब्रेक चार सिलिंडरचे: एका एमजीबी जीटीचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९७२ची एमजीबी जीटी. क्रोम बंपर, उजवीकडे स्टिअरिंग, वास्तव्य इंग्लंडच्या मिडलँड्स भागात. आपल्याकडे एमजी हे नाव २०१९ नंतर हेक्टरमुळे घरोघरी पोहोचले. जुने एमजी म्हणजे मात्र ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघणाऱ्या बुटक्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स गाड्या. एमजीबी तिथे १९६२ ते १९८० या काळात बनली. मूळ इंजिन १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, लोखंडी ब्लॉकचे, ९५ अश्वशक्तीचे.

या गाडीत आधीच्या मालकाने रोव्हर एसडी-१मधले ३५२८ सीसीचे व्ही-८ आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स बसवला होता. शक्ती १५५ अश्वशक्ती, टॉर्क सुमारे २६८ न्यूटन-मीटर. मूळ इंजिनाचा टॉर्क सुमारे १५० होता. हा बदल काही जगावेगळा नाही. एमजीने स्वतः १९७३ ते १९७६ दरम्यान याच इंजिनाच्या सौम्य अवतारासह २५९१ जीटी व्ही-८ बनवल्या आणि नव्वदच्या दशकात आरव्ही-८ या नावाने आणखी १९८३ गाड्या काढल्या. म्हणजे कारखान्याने या इंजिनासाठी काय बदलले आणि काय जसेच्या तसे ठेवले, याचा नमुना समोर होता. आधीच्या मालकाने तो पाहिलेला दिसत नाही. इंजिन बसले, सायलेन्सरचा आवाज जमला, आणि ब्रेक व सस्पेन्शन मूळ गाडीचेच राहिले. भर म्हणून पुढे आखूड, कडक स्प्रिंगा आणि मागे एक्सल व पाट्यांमध्ये (लीफ स्प्रिंगांमध्ये) ३८ मिमीचे ॲल्युमिनियमचे ठोकळे घालून गाडी खाली बसवली होती.

नवीन मालकाचा वापर असा: वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर, त्यात दोन माणसे आणि सामान घेऊन आल्प्सची एक सहल, आणि वर्षातून एखादा दिवस ट्रॅकवर.

तक्रारी

मालकाने चार गोष्टी लिहून दिल्या होत्या. घाटउतारावर चौथ्या-पाचव्या ब्रेकनंतर पॅडल खोल जाते आणि जळका वास येतो. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. पहिल्या गिअरमध्ये जोरात निघाले की मागचा एक्सल थडथड उड्या मारतो. शंभरच्या पुढे खडबडीत रस्त्यावर पुढचा भाग तरंगतो, स्टिअरिंग सतत सावरत राहावे लागते.

मालकाची मागणी होती मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनच्या कॅलिपरचा संच, मागेही डिस्क, आणि पुढे पूर्ण नवा कॉइलओव्हर क्रॉसमेंबर (शॉकअबभोवती स्प्रिंग असलेले सस्पेन्शन आणि ते धरणारा आडवा सांगाडा). खरेदीची यादी तयारच होती. इथे पहिला निर्णय झाला: गाडी मोजल्याशिवाय एकही सुटा भाग मागवायचा नाही.

तपासणी

चार काट्यांवर, चालकासह आणि अर्ध्या टाकीसह वजन भरले ११३८ किलो. पुढे ५७४, मागे ५६४. व्ही-८मुळे नाक जड होते हा समज इथेच निकालात निघाला. हे इंजिन ब्युइकच्या ॲल्युमिनियम इंजिनावरून आलेले आहे आणि एमजीच्या लोखंडी चार सिलिंडरपेक्षा ते जड नाही, उलट किंचित हलकेच भरते. म्हणजे 'जास्त वजनासाठी' घातलेल्या पुढच्या कडक स्प्रिंगांना काही आधारच नव्हता. जीटीची मूळ स्प्रिंग ४८० पौंड प्रति इंचाची, म्हणजे सुमारे ८४ न्यूटन प्रति मिमी. बसवलेल्या स्प्रिंगा १०५च्या आसपास निघाल्या, आणि पुढचा भाग स्थिर उभा असतानाच बंपस्टॉपपासून (चाल संपते तिथल्या रबरापासून) जेमतेम १५ मिमीवर होता. तरंगण्याचे अर्धे कारण तिथेच सापडले. थोडा खड्डा आला की सस्पेन्शन संपून रबरावर आपटत होते.

बाकी यादी साधी, पण लांब. ब्रेक ऑइल काळपट, त्यात पाण्याचे प्रमाण ३ टक्क्यांच्या वर. डॉट-४ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस, ओले झाल्यावर १५५. पॅडल खोल जाण्याला एवढे एक कारण पुरे. (कोकणात किंवा मुंबईत गाडी ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. दमट हवेत दोन वर्षांचे ऑइल म्हणजे जुनेच ऑइल.) डाव्या पुढच्या कॅलिपरचा एक पिस्टन गंजून अडकलेला, म्हणून गाडी उजवीकडे ओढत होती. रबरी होज आतून फुगलेले. मागच्या डाव्या व्हील सिलिंडरमधून ऑइल झिरपून लायनर ओले. पुढच्या शॉकअबमध्ये ऑइल जवळजवळ नाहीच. एमजीबीत पुढचा शॉकअब हा आर्मस्ट्राँगचा लिव्हर प्रकारचा असतो आणि त्याचा हात हाच वरचा विशबोन, म्हणजे चाक धरणारा आडवा हात असतो. त्यामुळे शॉकअब ढिला म्हणजे चाकाची भूमितीच ढिली. टायरवर तारखेचा आकडा ३२१०, म्हणजे २०१०चा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून कोणाचे लक्ष गेले नव्हते.

एक दोष मात्र थांबून पाहण्यासारखा होता. उजवे पुढचे चाक वर-खाली धरून हलवले तर स्पष्ट चाल जाणवत होती. हब उतरवला तेव्हा आतल्या आणि बाहेरच्या बेअरिंगच्या मधली नळी, म्हणजे स्पेसर, आणि तिच्यासोबतच्या शिम (पातळ चकत्या) गायब होत्या. साध्या गाडीचे बेअरिंग बदलायची सवय असलेला मेकॅनिक नट हाताने आवळतो, थोडा सैल करतो, पिन लावतो आणि मोकळा होतो. एमजीबीत तसे चालत नाही. इथे नट ४० ते ७० फूट-पौंडांनी घट्ट आवळायचा असतो आणि बेअरिंगची चाल शिम घालून-काढून ०.०५ ते ०.१ मिमीवर आणायची असते. घट्ट आवळलेला स्पेसर स्टब एक्सलला, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या आखूड दांड्याला, ताठरपणा देतो. तो नसेल तर वळणावरचा सगळा वाक एकट्या स्टब एक्सलच्या बुडाशी येतो आणि वर्षानुवर्षांच्या वाकण्याने तिथे तडा जाऊ शकतो. रुंद टायर आणि जास्त वेग आला की ही वेळ लवकर येते. शिवाय चाल असलेली डिस्क वळणावर तिरकी होऊन पॅडना मागे ढकलते, मग त्यानंतर ब्रेक मारताना पहिले पॅडल रिकामे जाते. दोन्ही स्टब एक्सल तडा शोधणाऱ्या रंगाने तपासले. सुदैवाने स्वच्छ निघाले.

हे सगळे दुरुस्त करण्याआधी, केवळ अडकलेला कॅलिपर सोडवून, ब्रेक ऑइल बदलून आणि स्पेसर-शिम बसवून, एका खासगी धावपट्टीवर चाचणी घेतली: ताशी १०० किमीवरून शून्य, ४५ सेकंदांच्या अंतराने सहा वेळा. डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारे रंग लावले होते. हिरवा सुमारे ४३० अंशांना पांढरा पडतो, नारिंगी सुमारे ५६०ला. पहिला थांबा ४६ मीटरमध्ये. सहावा ६१ मीटरमध्ये, पॅडल अर्ध्यावर. हिरवा रंग पूर्ण पांढरा, नारिंगी शाबूत.

ब्रेकचे पर्याय

पहिला थांबा ४६ मीटर म्हणजे सुमारे ०.८५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८५ पट मंदन), आणि तोही म्हाताऱ्या टायरवर. म्हणजे जोर कमी नव्हता, चाके लॉक करण्याइतका ब्रेक मूळ गाडीतही आहे. कमी पडत होती ती उष्णता साठवायची आणि टाकायची जागा. वजन तेच असले तरी व्ही-८ गाडी पुढच्या वळणाआधी पुन्हा वेगात येते आणि दोन ब्रेकमधला थंड होण्याचा वेळ खाऊन टाकते. ट्रॅकवर तर वेगच वाढतो: १२०० किलोची गाडी ११० किमीवरून थांबली की ५६० किलोजूल, १६० किमीवरून थांबली की जवळजवळ १२०० किलोजूल. यातला साधारण ७० टक्के भाग पुढच्या दोन डिस्कवर येतो. मूळ डिस्क २७३ मिमी व्यासाची आणि ८.९ मिमी जाडीची, घासणारा भाग जेमतेम अडीच किलो. ढोबळ हिशेबाने १६० वरच्या एकाच थांब्यात तिचे तापमान ३०० अंशांनी चढते. जीटी व्ही-८ची डिस्क त्याच व्यासाची, पण साधारण १२.५ मिमी जाड. तीच वाढ सव्वादोनशेवर येते. २२ मिमीची हवा खेळती डिस्क घेतली तर पावणेदोनशे, आणि ती थंडही लवकर होते.

या हिशेबानंतर पर्याय तीन उरले.

जीटी व्ही-८च्या जाड डिस्क आणि त्यांचे कॅलिपर: चाके १४ इंचीच राहतात, सगळे आटे इंची, सगळी जोडणी कारखान्याची. स्वस्त आणि बिनडोकेदुखीचा मार्ग.

चार पिस्टनचे कॅलिपर आणि हवा खेळती डिस्क: आरव्ही-८मध्ये कारखान्याने हेच केले. बहुतेक संचांना १५ इंची चाके लागतात.

मागेही डिस्क: हा पर्याय लगेच बाद झाला. ०.९ जीला साधारण २२० किलो भार मागून पुढे सरकतो, मग मागच्या दोन चाकांवर एकूण भाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच उरतो. तेवढ्यासाठी १० इंची ड्रम भरपूर आहेत. आरव्ही-८ला १९० अश्वशक्ती असूनही कारखान्याने मागे ड्रमच ठेवले. मागे डिस्क लावून दाब नीट वाटला नाही तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी लॉक होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. वर हँडब्रेकची कटकट वेगळी.

निवड दुसऱ्या पर्यायाची झाली, आल्प्समधल्या लांब उतारांमुळे. कॅलिपर निवडताना दिसण्यापेक्षा पिस्टनचे क्षेत्रफळ पाहिले. मूळ पिस्टनचा व्यास मोजून सुमारे ५४ मिमी निघाला, एका बाजूचे क्षेत्रफळ २२९० चौरस मिमी. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये ३८ मिमीचे पिस्टन घेतले तर एका बाजूला दोन मिळून २२६८, म्हणजे जवळपास तेवढेच. ४१ मिमीवाले घेतले असते तर पॅडलची चाल सहाव्या हिश्श्याने वाढली असती आणि पुढचा-मागचा तोल बिघडला असता. ३८चे घेतले. याचा अर्थ असाही की त्याच पॅडलला, त्याच पॅडवर, गाडी पहिल्यापेक्षा जोरात थांबणार नाही. सहाव्या वेळीही पहिल्यासारखीच थांबेल, एवढेच. मालकाला हे आधी समजावून सांगितले, नाहीतर नवीन कॅलिपर लावून पहिल्याच ब्रेकला निराशा होते.

दुसरा निर्णय मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पॅडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या सिलिंडरचा. ब्रिटनमध्ये विकलेल्या या वयाच्या एमजीबीत ब्रेकची एकच लाइन असते. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दुहेरी मास्टर बसवून पुढची आणि मागची लाइन वेगळी केली. मूळ सर्वो (पायाचा जोर वाढवणारे यंत्र) एका लाइनचा असल्याने तो काढावा लागला. सर्वो नको असेल तर छोट्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर लागतो, आणि इथे पहिली चूक झाली. ती पुढे येते.

सस्पेन्शनचे पर्याय

मागच्या थडथडीबद्दल गाडीवाल्यांत एक मत पक्के असते: ठोकळ्यांमुळे पाटा पिळला जातो. गणित उलटे सांगते. टायर जमिनीवर मागे रेटतो, आणि पाट्याला पिळणारा दांडा म्हणजे जमिनीपासून पाट्यापर्यंतची उंची. एमजीबीत पाटा एक्सलखाली असतो. ठोकळ्याने तो आणखी खाली जातो आणि दांडा किंचित आखूडच होतो. ठोकळ्यांचे पाप वेगळे आहे. एक्सल आणि बंपस्टॉपमधली जागा अर्धी होते, शॉकअबचा हात त्याच्या कामाच्या पट्ट्याबाहेर जातो, आणि लांब यू-बोल्ट ढिले पडत राहतात. थडथडीची खरी कारणे इथे तीन होती: दमलेले पाटे, एक्सलखालचे कुजलेले रबरी पॅड आणि चाकावर येणारा टॉर्क.

टॉर्कचा हिशेब बोलका आहे. मूळ गाडीत पहिल्या गिअरला चाकांवर १५० × ३.४४ × ३.९०९, म्हणजे सुमारे २००० न्यूटन-मीटर. व्ही-८ला त्याच क्राऊन-पिनियनसह (मागच्या एक्सलमधल्या शेवटच्या गिअरसह) २६८ × ३.३२ × ३.९०९, म्हणजे जवळपास ३५००. कारखान्याने जीटी व्ही-८ला ३.०७चा क्राऊन-पिनियन दिला होता. तो घातला की आकडा २७००वर येतो, आणि हमरस्त्यावर इंजिनही शांत होते. हा बदल खर्चिक आहे आणि या ट्यूब प्रकारच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल काढायला केसिंग ताणणारे खास हत्यार लागते. तरीही थडथडीवरचा सर्वांत मुळाशी जाणारा उपाय हाच.

बाकी पर्यायांत कॉइल स्प्रिंगचा चार-लिंक संच होता, पण त्यासाठी बॉडीला वेल्डिंग करावे लागणार होते. मागे टेलिस्कोपिक शॉकअबचा संचही स्वस्तात मिळत होता. तो पाहिला तेव्हा शॉकअब इतके तिरके बसत होते की उभ्याशी ४५ अंशांच्या जवळपास कोन होत होता. अशा कोनाला शॉकअबचा जोर चाकापाशी निम्माच उरतो. म्हणून मूळचेच लिव्हर शॉकअब जड व्हॉल्व्ह घालून पुन्हा बांधून घेतले.

पुढच्या कॉइलओव्हर क्रॉसमेंबरचा मोह शेवटपर्यंत होता. तो मालकाच्या यादीतून दोन कारणांनी गेला. एक, किंगपिन, बुश आणि शॉकअब नवे असलेले मूळ सस्पेन्शन कसे चालते हे या गाडीत कोणी पाहिलेलेच नव्हते. दोन, कागदपत्रे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या गाडीला वार्षिक एमओटी चाचणीची सूट मिळते, पण गेल्या ३० वर्षांत 'मोठा बदल' केला असेल तर ती सूट लागू नसते, आणि सस्पेन्शनचा प्रकार बदलणे या मोठ्या बदलांत येऊ शकते. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाला त्यात सवलत आहे, पण ते पटवून द्यावे लागते. मालकाने या सवलतीच्या वादात न पडता दरवर्षी चाचणी करून घ्यायचे ठरवले आणि विमा कंपनीला सगळे बदल लेखी कळवले. (भारतात असे इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आरटीओची परवानगी आधी, पाने-स्पॅनर नंतर.)

प्रत्यक्ष काम

पुढे किंगपिन (चाक वळते ती उभी खीळ) नवे, बुश रीम करून. खालच्या विशबोनला जीटी व्ही-८चे धातूच्या नळीचे बुश. शॉकअब पुन्हा बांधलेले. स्प्रिंगा परत ४८०च्या. अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) १५.९ मिमीचा होता. बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणून १९ मिमीचा बार दुप्पट कडक आणि २२ मिमीचा जवळपास चौपट. १९चा घेतला. पुढचा बार कडक केला की वळणातून जोर देताना मागचे आतले चाक जमिनीवर दाबून राहते, हा व्ही-८ला मिळणारा बोनस.

मागे ठोकळे काढले, मूळ उंचीचे नवे पाटे, नवे रबरी पॅड, नवे यू-बोल्ट, ३.०७चा क्राऊन-पिनियन आणि दोन्ही बाजूंना अँटीट्रॅम्प रॉड (एक्सलला उड्या मारण्यापासून रोखणारा दांडा). रॉडचे पुढचे टोक पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या शक्य तितके जवळ आणि त्याच उंचीवर हवे. ते वर-खाली गेले तर पाटा आणि रॉड वेगवेगळ्या वर्तुळात फिरू पाहतात आणि गाडी खड्ड्यात टणटण करते.

यातच दुसरी चूक झाली. पाट्यांच्या डोळ्यांचे बोल्ट गाडी स्टँडवर, चाके लोंबकळत असताना आवळले गेले. गाडी खाली उतरवल्यावर मागचा भाग ३० मिमी उंच राहिला. पाटे जास्त कमानीचे आलेत असे ठरून परत पाठवायची तयारीही झाली होती. मग बोल्ट सैल केले, गाडी दोन-चार वेळा दाबून हलवली, चाकांवर वजन असतानाच पुन्हा आवळले आणि उंची जागेवर आली. रबरी बुश ज्या कोनात आवळला जातो तोच त्याचा आरामाचा कोन होतो. चुकीच्या कोनात आवळला तर उरलेल्या आयुष्यात तो पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

ब्रेकच्या पाइपांसाठी तांबे-निकेल मिश्रधातूची ४.७५ मिमीची नळी वापरली. उजवीकडचा पाइप मॅनिफोल्डपासून अवघ्या चार सेंटिमीटरवरून जात होता. तो दूर वळवून उष्णतारोधक आवरण घातले.

नवीन कॅलिपर आले ते एम-१० × १ आट्यांचे. गाडीच्या होजची टोके ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांची. इंची टोकाचा बाहेरचा व्यास ९.५ मिमी, एम-१०चा १०; एका आट्याचे अंतर १.०६ मिमी विरुद्ध १. म्हणजे इंची टोक एम-१०च्या भोकात चार-पाच फेरे गुपचूप जाते. जोडणाऱ्याला ते जरा जास्तच सैल लागले म्हणून तो थांबला. तसेच आवळले असते तर गॅरेजमध्ये गळतीही दिसली नसती, आणि पहिल्याच जोरदार ब्रेकला आटे उखडले असते. दोन्ही होज योग्य टोकांचे, स्टीलची जाळी असलेले, नवीन करून घेतले. या प्रकरणातून एकच कृती उचलायची असेल तर ही: संच आला की पाइप जोडण्याआधी प्रत्येक भोकाचे आटे मापकाने तपासा.

दुहेरी मास्टर आधी २०.६ मिमी बोअरचा बसवला. हवा व्यवस्थित काढूनही पॅडल लाकडाच्या ओंडक्यासारखे लागत होते. सर्वो गेल्यावर पायाचा जोर कमी पडत होता. १९ मिमीचा मास्टर घातल्यावर त्याच जोराला दाब सुमारे १७ टक्क्यांनी वाढला, चालही तेवढीच वाढली. पॅडल अजून जड आहे, पण भरवशाचे.

चाके १५ × ६, टायर १९५/६०. मूळ १६५-१४ टायरशी व्यासाचा फरक एक टक्क्याच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटरची दुरुस्ती फक्त क्राऊन-पिनियनपुरती. चाके मागवण्याआधी कॅलिपरवर प्लॅस्टिसिनचे गोळे चिकटवून, उसने आणलेले तशाच मापाचे चाक फिरवून पाहिले. आरे आणि कॅलिपरमध्ये सगळ्यात कमी जागा ४ मिमी. तीनपेक्षा कमी असती तर दुसरे चाक शोधले असते.

पॅड बसवण्यासाठी ८० वरून २० किमीपर्यंत मध्यम दाबाने दहा ब्रेक, मग जरा जोराने सहा, आणि नंतर दहा मिनिटे न थांबता चालवून थंड करणे. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभे राहिले तर पॅडचा थर डिस्कवर एका ठिकाणी छापला जातो, आणि मग लोक 'डिस्क वाकली' म्हणत फिरतात.

निकाल

त्याच धावपट्टीवर तीच चाचणी: पहिला थांबा ४३ मीटर, सहावा ४४. हिरवा रंग सहाव्या थांब्यानंतरही हिरवाच. पॅडलची चाल पहिल्या आणि सहाव्या वेळी एकसारखी. ओल्या पट्टीवर पुढची चाके आधी लॉक होतात, हवे तसे.

थडथड पहिल्या गिअरमध्ये जवळजवळ गेली. कोरड्या रस्त्यावर मुद्दाम क्लच सोडला तर एखादी उडी अजून जाणवते. तरंगणे पूर्ण थांबले, आणि त्याचे श्रेय बहुतांशी शॉकअबमधल्या ऑइलला आणि बंपस्टॉपपासून मिळालेल्या जागेला आहे. गाडी आता आधीपेक्षा उंच आणि मऊ आहे, तरी वळणावर वेगवान आहे. मालकाला उंची दिसायला आवडली नाही. आल्प्स करून आल्यावर तक्रार बंद झाली.

वेगळे काय करता आले असते

नवीन टायर आधी बसवून जुन्या ब्रेकवर चाचणी घ्यायला हवी होती. पहिल्या थांब्यातले तीन मीटर टायरने दिले की पॅडने, हे आता वेगळे काढता येत नाही. बहुधा टायरने.

जाड डिस्कचा पहिला पर्याय आधी महिनाभर वापरून पाहायला हवा होता. नुसत्या रस्त्यावर आणि वर्षातल्या एका ट्रॅक दिवसासाठी तो पुरला असता असे आता वाटते. १४ इंची चाके वाचली असती आणि आट्यांचा घोळही झाला नसता. लांब उतारांवर सामानासह जाणाऱ्याने मात्र हवा खेळती डिस्कच घ्यावी.

मास्टरचा बोअर सुरुवातीलाच कागदावर काढायला हवा होता. सर्वो काढायचे ठरले त्याच दिवशी छोट्या बोअरचा मास्टर यादीत जायला हवा होता. एक मास्टर वाया गेला.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. अनेक एमजीबींची बॉडी मागे डावी-उजवीकडे सारखी नसते, आणि या गाडीत डावा टायर पूर्ण टाकी आणि दोन माणसे असताना मडगार्डच्या ओठाला घासतो. ओठ आत वळवून सहा मिमी जागा केली आहे. यू-बोल्ट ५०० किलोमीटरला एकदा आवळून झाले. २००० किलोमीटरच्या तपासणीत ते पुन्हा पाहायचे आहेत, सोबत पुढच्या बेअरिंगची चाल, शॉकअबमधले ऑइल आणि त्या डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेवरची झीज.